भीड, दया आणि खरेपणा : अडचणीच्या प्रसंगी ख्रिस्ती माणसाने वागायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना सुटते, पाळकसाहेबांशी सलाम होतो, आणि स्कूटरला किल्ली लावता लावता कुणीतरी हळूच विचारतं, "दोन मिनिटं बोलू का?" ती दोन मिनिटं कधीच दोन मिनिटांची नसतात. वीसेक वर्षं मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कमिटीवर आणि बायबल अभ्यासाच्या वर्गात काढल्यावर लक्षात आलं की माणसं बदलतात, प्रश्न तेच असतात. म्हणून हे लिहून काढलं. उत्तरं माझी आहेत, मंडळीचा ठराव नाही. मी नगरकडचा प्रोटेस्टंट, त्यामुळे शब्द आमचे आहेत. वसईच्या वाचकांनी पाळकसाहेबांच्या जागी फादर आणि उपासनेच्या जागी मिस्सा वाचावं. अडचणी दोन्हीकडे सारख्याच असतात.

ख्रिस्ती माणसाने नेहमी मऊच बोलायचं असतं का?

आवाज मऊ असावा. मृदू उत्तराने राग निवळतो हे बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या १५व्या अध्यायातलं पहिलंच वचन शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे रविवारच्या बायबल वर्गातल्या, पोरांनाही पाठ असतं. पण आवाज मऊ ठेवणं वेगळं आणि मुद्दाच गिळून टाकणं वेगळं. आपल्या मंडळ्यांमध्ये या दोन्हींची गल्लत होते, आणि तिला आपण प्रीती असं गोंडस नाव देतो. मराठीत तिचं खरं नाव भीड. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्या आज्या म्हणायच्या, आणि त्यांना पैशाच्याच भिकेबद्दल बोलायचं होतं असं मला वाटत नाही.

नेहमीचं उदाहरण घ्या. मंडळीतलेच एक गृहस्थ पतसंस्थेचं कर्ज काढतात आणि जामीनदार म्हणून तुमच्यापुढे कागद सरकवतात. त्यांचा धंदा बुडीत चाललाय हे तुम्हाला ठाऊक असतं. पण रविवारी एकाच बाकावर बसतो, नाही कसं म्हणायचं? सही होते. वर्षभराने नोटीस येते आणि मग दोन घरांचं बोलणं बंद होतं. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, वसुलीवाले आधी तुमच्या दारात उभे राहिले तरी त्यांना कुणी अडवू शकत नाही. आणि नीतिसूत्रं तर दुसऱ्याला जामीन राहण्याबद्दल एकदा नाही, तीन-चार ठिकाणी बजावतात. गंमत म्हणजे या वचनांवर प्रवचन झालेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

मग म्हणायचं काय? मी असं म्हणतो : "दादा, जामीन मी कुणालाच राहत नाही, सख्ख्या भावालाही राहिलो नाही. पण एखादा हप्ता कमी पडला तर सांगा, जमेल तेवढे देईन आणि परत मागणार नाही." यात नकारही आहे आणि मदतही. फक्त दुसरं वाक्य उच्चारायचं असेल तर तेवढे पैसे बाजूला ठेवलेले असावेत, नाहीतर तीही थापच.

"दुसरा गाल पुढे कर" याचा अर्थ सगळं सोसायचं असा नाही का?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात उजव्या गालाचा उल्लेख आहे, तो वाचताना आपण सहज ओलांडून जातो. उजव्या हाताच्या माणसाने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर हाताची पालथी बाजू लागते. ती मारहाण कमी आणि अपमान जास्त, असं बरेच भाष्यकार सांगतात. म्हणजे प्रश्न अपमानाची परतफेड करण्याचा आहे.

आणि स्वतः प्रभूला, म्हणजे येशूला, चपराक बसली तेव्हा काय झालं? मुख्य याजकापुढे एका शिपायाने मारलं. प्रभूने हात उगारला नाही, पण गप्पही राहिला नाही. मी चुकीचं बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असं त्याने सरळ विचारलं (योहान १८:२३). फिलिप्पै गावात प्रेषित पौलाला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशी न करताच फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांचा निरोप आला, जा आता, सोडलं तुम्हाला. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक, चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप बाहेर काढता? स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या. ते आले, त्यांनी विनवण्या केल्या. पौलाने नुकसानभरपाई मागितल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पण गावात लुदियेच्या घरी नुकतीच मंडळी उभी राहत होती, तिच्या माणसांवर कायमचा डाग राहू नये, एवढा तरी त्याचा हिशेब असावा असं मला वाटतं.

मंडळीत कुणाशी बिनसलं तर आधी कुणाला सांगायचं?

त्यालाच. मत्तय १८:१५. एकट्याने जाऊन, एकट्यालाच. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन, तरीही नाही तर मंडळीला. आपण हा क्रम नेमका उलटा चालवतो. आधी बायकोला, मग मेहुण्याला, मग "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" असं म्हणत महिला मंडळाला, आणि ज्याच्याशी बिनसलं त्याला सगळ्यात शेवटी, तेही तिसऱ्याच्या तोंडून.

जाताना दोन गोष्टी पाळाव्यात. एक, रविवारी उपासनेनंतर लगेच नको, कारण तेव्हा दहा कान आजूबाजूला असतात. दुसरी, बोलण्याची सुरुवात "तुम्ही नेहमीच" अशी करू नये. "परवा मीटिंगमध्ये असं झालं, ते मला लागलं" एवढं पुरतं. आणि चहा दिला तर घ्यावा. भांडायला आलेल्या माणसाने चहा नाकारला की पुढचं बोलणं कपाबाहेरच सांडतं.

माझीच चूक असेल तर माफी कशी मागायची?

हे मी स्वतः शिकलो आहे, आणि स्वस्तात नाही. आमच्याकडे कापणीच्या सणाला लोक शेतातलं, घरातलं काहीबाही देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणतात. ज्वारी, ऊस, अंडी, एखादी कोंबडी, हार घातलेला भोपळा. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि चाळीस रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, कारण बोली भोपळ्यावर नसतेच. काही वर्षांपूर्वी लिलावाच्या हिशेबात १,८५० रुपये कमी आले. पावतीपुस्तक ज्यांच्याकडे होतं त्या गृहस्थांना न विचारता मी रात्री साडेदहाला मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं : "हिशेबाचा खुलासा संबंधितांनी करावा." नाव घेतलं नव्हतं. घेण्याची गरजच नव्हती, पुस्तक कुणाकडे होतं हे १३० जणांना माहीत होतं.

दोन दिवसांनी पुस्तक हातात आलं. कार्बनच्या दोन प्रती एकमेकींना चिकटल्या होत्या, बहुधा कुणाच्या तरी उसाच्या रसाने. नखाने सोडवल्या तेव्हा मधल्या पानावर १,८५० दिसले.

मी त्यांच्या घरी गेलो, हात जोडले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणालात ग्रुपवर. इथं कपबशीत कसली माफी मागता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं आणि पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी उभा राहून सांगितलं की चूक माझी होती, हिशेब चोख होता. गुडघे कापत होते. ज्या अंगणात चिखल फेकला त्याच अंगणात झाडू मारावा लागतो. आणि "कुणाचं मन दुखावलं असल्यास" हे शब्द माफीत नकोत. दुखावलेलं असतं, म्हणून तर तुम्ही तिथे उभे असता.

प्रभूने वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे (मत्तय ५:२३-२४), तेही भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. माझ्या मनात काही नाही, एवढं म्हणून तिथे सुटका नाही.

क्षमा केली म्हणजे पुन्हा विश्वासही ठेवायचा का?

नाही. क्षमा देता येते, विश्वास कमवावा लागतो. योसेफाची गोष्ट नीट वाचा. विकून टाकणारे भाऊ धान्यासाठी मिसरात (इजिप्तमध्ये) आले तेव्हा त्याने लगेच मिठी मारली नाही. त्यांच्यापासून बाजूला जाऊन तो रडला, म्हणजे मन मऊ झालेलं होतं. पण एकाला ठेवून घेतलं, बन्यामिनाला आणायला लावलं, पोत्यात प्याला लपवला. ज्या यहूदाने पूर्वी त्याला विकण्याची कल्पना काढली होती, तोच आता धाकट्याच्या जागी मला गुलाम ठेवा म्हणतो, तेव्हा कुठे योसेफ ओळख देतो (उत्पत्ती ४२ ते ४५). भाऊ बदललेत का हे त्याने पाहिलं. सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितली आहे, सत्तर वेळा तिजोरीची किल्ली द्यायला सांगितलेली नाही.

नवरा मारतो. "प्रार्थना करा, सहन करा" असं सगळे सांगतात. काय करू?

आधी सुरक्षित जागी जा. प्रार्थना तिथूनही पोचते.

या प्रश्नावर मी मुद्दाम मऊ बोलत नाही, कारण मंडळीने या बायकांचं फार नुकसान केलं आहे. "अधीन राहा" हे वचन सांगणारे लोक त्याच अध्यायात नवऱ्याला काय सांगितलंय तिथवर पोचतच नाहीत. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती करायची आहे (इफिस ५:२५). मारणाऱ्या नवऱ्याला तिथेच माफक नाही, पूर्ण उत्तर मिळालेलं आहे.

व्यवहाराचं सांगतो. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५चा आहे आणि तो सर्वधर्मीय स्त्रियांना लागू आहे. त्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्च हे सगळं मागता येतं, आणि त्यासाठी घटस्फोट घ्यावाच लागतो असं नाही. घटस्फोटाबद्दल जुना समज अजून टिकून आहे. १८६९च्या कायद्यात ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मिळत नसे, नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. २००१च्या दुरुस्तीने ते बदललं, क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं आणि परस्परसंमतीची वाटही खुली झाली. कॅथोलिक भगिनींनाही सांगायला हवं की जोडीदारापासून जिवाला धोका असेल तर वेगळं राहायला खुद्द चर्चचा कायदा मुभा देतो.

मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर "घरातलं घरात" किंवा "मंडळीतलं मंडळीत" हा पर्यायच नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं असतं. न कळवणं हा गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८. आणि अशा माणसाला "पश्चात्ताप झालाय" म्हणून पुन्हा शब्बाथ शाळा देऊ नका. पश्चात्ताप खरा असेल तर तो स्वतःच मुलांपासून लांब राहील.

काम अडलंय आणि टेबलाखालून मागतायत. दिले तर पाप, नाही दिले तर उतारा मिळत नाही.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले तेव्हा त्याने नोकरी सोडा असं सांगितलं नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, दमदाटी करून उकळू नका, आपल्या पगारात भागवा, असं सांगितलं (लूक ३). म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या आपल्या लोकांसाठी उत्तर स्वच्छ आहे. आणि आपले लोक पलीकडेही बसतात, हे विसरू नये.

अलीकडच्या माणसाचं अवघड आहे. भाषण देण्याआधी एवढंच सांगतो की दोन वाटा लोकांना माहीत नसतात. महाराष्ट्रात २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते, नाहीतर अपील करता येतं. अर्ज तोंडी न देता पोच घेऊन किंवा आपले सरकार पोर्टलवर केला की निम्मी टेबलं आपोआप सरळ होतात, हा माझा अनुभव. दुसरं, २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली तर त्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

राहिला वेळेचा प्रश्न. हो, उशीर होतो. माझ्या एका वारस नोंदीला पाच हेलपाटे आणि आठ महिने लागले. तिथल्या कारकुनाशी मी एकदाही आवाज चढवला नाही. चौथ्या फेरीला त्याने स्वतःच खुर्ची दिली. नोंद मात्र पाचव्या फेरीलाच झाली.

पाळक किंवा कमिटीवाले चुकत असतील तर? "अभिषिक्ताला हात लावू नका" असं म्हणतात.

दावीदाने अभिषिक्त राजा शौलाला मारलं नाही, हे खरं. पण तोच दावीद राजा झाल्यावर त्याच्यापुढे नाथान संदेष्टा उभा राहिला आणि "तो माणूस तूच" असं म्हणाला, हेही त्याच शास्त्रात आहे. नाथानाने आधी गोष्ट सांगितली, कोकराची. राजाचा राग आधी अन्यायावर जाऊ दिला आणि मग आरसा धरला. बोलण्याची ही रीत शिकण्यासारखी आहे.

आपला शिष्य तीमथ्य याला पौलाने दोन्ही बाजू सांगितल्या आहेत : दोघा-तिघांच्या साक्षीशिवाय वडिलाविरुद्ध आरोप ऐकू नको, पण पाप करत राहणाऱ्यांना सगळ्यांसमोर खडसाव (१ तीमथ्य ५). म्हणजे कुजबुज नको आणि झाकपाकही नको.

पैशांच्या बाबतीत आध्यात्मिक भाषा अजिबात वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. दानार्पणाची पेटी दोघांनी मिळून मोजावी, दोघांनी सह्या कराव्यात. मंडळीची मिळकत सार्वजनिक न्यासाची असेल तर दर वर्षी लेखापरीक्षण होऊन ते धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं, आणि ते बघायला मागणं हा अविश्वास नाही. हिशेब मागितल्यावर जो प्रार्थना सुरू करतो, त्याच्या हिशेबाकडे जरा निरखून पाहावं.

मग कोर्टात जायचं? पौलाने मनाई केली आहे ना?

करिंथमधल्या लोकांना त्याने आपसातले दावे बाहेर नेण्यावरून लाज काढली आहे, त्यापेक्षा नुकसान सोसा म्हणाला आहे. स्वतः मात्र कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, दाद मागितली, कारण जिवावर बेतलं होतं. मला यातून असं कळतं : बांध दोन फूट इकडे सरकला, सामाईक भिंतीचा खर्च, स्टेजवर कोण बसणार, असल्या गोष्टी घरात मिटवाव्यात, थोडं सोडूनही द्यावं. गुन्हा घडला असेल, दुबळ्याचं नुकसान होत असेल, देवस्थानाची जमीन विकली जात असेल, तर तो आपसातला दावा राहत नाही. महाराष्ट्रात मंडळ्यांच्या जमिनीचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. काही लढावेच लागले. काहींत दोन्हीकडचे वकील तेवढे समाधानी आहेत.

"पैसे घेऊन बाटलात", "तांदळासाठी ख्रिस्ती झालात" असं कुणी म्हटलं तर?

आधी शहानिशा करावी की म्हणणारा खरंच विचारतोय की डिवचतोय. विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या असं पेत्राचं पत्र सांगतं. डिवचणाऱ्याला एक वाक्य पुरतं. मी म्हणतो, "आमच्या पणजोबांना कुणी काय दिलं मला ठाऊक नाही, गावाने मात्र त्यांना विहिरीचं पाणी दिलं नव्हतं, ते त्यांनी वहीत लिहून ठेवलंय." आणि विषय बदलतो. सगळ्यांना हे पटणार नाही. कुणाला यात मीठ जास्त वाटेल.

पंडिता रमाबाईंचं वागणं मला या बाबतीत नेहमी आठवतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वांटेजला बाप्तिस्मा झाला आणि इकडे पुण्या-मुंबईत टीकेची झोड उठली. १८८९मध्ये त्यांनी विधवा आणि मुलींसाठी काढलेलं शारदा सदन पुढे पुण्यात आलं, आणि तिथे मुलींना ख्रिस्ती करतात या १८९३च्या वादात रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती ही संस्था उभी राहिली.

पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते दुसरंच. त्या आपल्या माणसांशीही तितक्याच खरेपणाने वागल्या. वांटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डिन यांना त्या आणि त्यांची मुलगी मनोरमा "आजीबाई" म्हणत. इतकी माया. तरीही पत्रांतून त्या त्यांच्याशी त्रैक्यावर, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा या शिकवणीवर, वाद घालतात, गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का, आपली संस्कृत का नकोत म्हणून अडून बसतात, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नका म्हणणाऱ्या बिशपांचं म्हणणं मानायला नकार देतात. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून दुसऱ्या जोखडाखाली जाणार नाही, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. उपकाराखाली दबलेल्या, परक्या देशात लहान मुलीसह राहणाऱ्या बाईने. भीड नसणं आणि प्रेम असणं एकाच पत्रात कसं मावतं, ते तिथे दिसतं.

माझा विश्वास घरच्यांना मान्य नाही. तोडून टाकायचं का?

तुमच्याकडून तोडू नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं संसार दोन ठिकाणी राहिला, १९००मध्ये लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी हे सगळं सांगताना ना नवऱ्याला देव केलं, ना नातलगांना खलनायक. स्वतःचंच हसं जास्त केलं. घरातल्या भांडणाबद्दल इतकं खरं आणि इतकं निर्विष मराठीत क्वचितच कुणी लिहिलं असेल. घाई न करता वाट पाहणं दोन्ही बाजूंना करावं लागतं, एवढं त्यातून घ्या.

शेजारच्या काकू गणपतीत मोदकांचं ताट पाठवतात. घ्यायचं की नाही?

दर भाद्रपदात हा प्रश्न येतो आणि दर भाद्रपदात वर्गात दोन तट पडतात. पौलाने करिंथकरांना लिहिलंय ते दोन्हीकडचे वापरतात. पुढे वाढलेलं चौकशी न करता खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर, सांगणाऱ्याच्या मनासाठी, खाऊ नका (१ करिंथ १०).

आमच्या घरी असं चालतं : ताट दोन्ही हातांनी घ्यायचं, काकूंना आत बसवायचं. माझी बायको स्पष्ट सांगते, "काकू, नैवेद्य दाखवलेलं आम्ही खात नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्या हातचे उकडीचे मला हवेत." पहिल्या वर्षी काकूंचा चेहरा पडला होता. दुसऱ्या वर्षापासून त्या नैवेद्याआधी पाच मोदक वेगळे काढून झाकून ठेवायला लागल्या. ते ताट रिकामं परत जात नाही, आणि नाताळच्या फराळाची पहिली थाळी, करंज्या-अनरशांची, त्यांच्याकडेच जाते. माझे थोरले बंधू प्रसादही खातात आणि मूर्ती काहीच नाही हेही पौलानेच लिहिलंय म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालणं सोडलंय. घेऊन गुपचूप कामवालीला देऊन टाकणं मात्र मला पटत नाही. ते काकूंशीही खोटं आणि कामवालीशीही.

मंडळीत अजून जात विचारतात. बोलावं का?

बोलावं, आणि तिथल्या तिथे. "स्थळ चांगलं आहे हो, पण आपल्यातलं आहे का?" हे वाक्य ज्या तोंडातून येतं त्याच तोंडाने सकाळी एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतलेलं असतं. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवायचा आणि यरुशलेमची माणसं आल्यावर पंगतीतून उठायला लागला, तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं (गलती २). एकट्याला गाठून बोलावं, हा मत्तयाचा नियम इथे का नाही चालला? मला वाटतं, कारण अपमान चारचौघांत झाला होता, आणि उठून गेलेल्या माणसाच्या शेजारची पानं मांडलेलीच होती. सुनावताना शिवी मात्र नको. "काका, 'आपल्यातलं' म्हणजे कुणातलं?" एवढं विचारून थांबावं. पुढची शांतता पुष्कळ काम करते.

ग्रुपवरच्या भांडणांचं काय?

रात्री नऊनंतर उत्तर लिहू नका. माझा नियम आहे, कारण वर सांगितलंच.

सगळं केलं. माफी मागितली, वाट पाहिली. तरी तो माणूस सलामही घेत नाही.

साधेल तितकं सर्वांबरोबर शांतीने राहा, असं रोमकरांच्या १२व्या अध्यायात आहे. त्यातलं "साधेल तितकं" हे पौलाने उगाच घातलेलं नाही. समोरच्याच्या मनाची मुदत आपण ठरवत नाही.

ते पावतीपुस्तकवाले गृहस्थ. माफीनंतर त्यांनी मान हलवली होती, पण त्यानंतर तीन वर्षं माझा सलाम त्यांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर जाऊन आदळतो. मी करत राहतो. यंदा कापणीच्या सणाला त्यांच्या मळ्यातला भोपळा लिलावात निघाला. मी बोली चढवत गेलो आणि ६०० रुपयांना घेतला. पावती फाडायला तेच बसले होते. नोटा मोजून घेतल्या, कार्बन नीट बसवला, पेन उचललं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "नाव?"

अठरा वर्षांची ओळख. मी नाव सांगितलं, आडनावासकट. त्यांनी लिहिलं, दोन्ही प्रती बोटाने वेगळ्या करून पाहिल्या आणि वरची माझ्या हातात दिली.